मीटर बरोबर, तरी पानं पिवळी का? हायड्रोपोनिक्समध्ये झाड किती खातं, ते मोजायचं कसं



मागच्या व्हिडिओत उचलीचा हिशेब फार भरभर झाला. अनेकांनी तो सावकाश लिहून मागितला, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण आज थोडी आकडेमोड आहे. घाबरू नका, गुणाकार आणि वजाबाकी एवढंच लागतं.

सुरुवात एका प्रशिक्षणार्थी भाऊपासून करतो. हिंगणा रोडकडे घर, गच्चीवर शेडनेट, खाली २०० लिटरची टाकी, वर पाइपमध्ये लेट्यूस आणि पालक. नोकरीतून वाचवलेले पैसे लावले होते. पहिल्या दोन बॅच मस्त निघाल्या. दोन कॅफेवाले ठरलेले गिऱ्हाईक झाले. तिसऱ्या बॅचला खालची पानं पिवळी पडायला लागली, वाढ थांबली. त्यांचा फोन आला, "सर, मीटर तर रोज १.६ दाखवून राहिलं, मग पानं काहून पिवळी पडून राहिली?"

मी विचारलं, "टाकीत पाणी कमी झालं की काय टाकता?"

"बोअरचं पाणी, जी. आणि ईसी उतरला तरच खत."

उत्तर तिथेच होतं. ते समजायला त्यांची एक बॅच गेली आणि एक कॅफे हातचा गेला. तुमची जाऊ नये, म्हणून पुढचं नीट वाचा.

ईसी मीटर नेमकं काय सांगतं?

ईसी म्हणजे विद्युतवाहकता. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी वीज त्यातून सहज जाते. मीटर तेवढंच मोजतं. तो क्षार नत्राचा आहे, पालाशचा आहे की बोअरच्या पाण्यातून आलेलं मीठ आहे, हे मीटरला कळत नाही.

खिशात पाचशे रुपये आहेत एवढं कळलं, पण त्यातल्या चालणाऱ्या नोटा किती आणि बंद झालेल्या किती हे कळलं नाही, तर बाजारात काय उपयोग? भाऊंच्या टाकीत हेच झालं होतं. विदर्भाचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. इथलं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, कुठे सोडियम आणि क्लोराइडही. पालेभाजी यातलं थोडंच घेते. बाकीचं टाकीत साचतं. दर आठवड्याला साचलेले क्षार वाढत गेले, ईसी तेवढाच राहिला आणि खत टाकायची वेळच आली नाही. मीटरवर १.६ होता, पण त्यातलं झाडाचं जेवण दर आठवड्याला कमी होत होतं.

म्हणून प्रश्न "टाकीत किती आहे?" एवढाच नाही. "झाडाने किती घेतलं?" हाही विचारायचा.

उचल म्हणजे काय?

कृषीच्या भाषेत याला अन्नद्रव्यांची 'उचल' म्हणतात. शब्द बँकेतलाच वाटतो, आणि हिशेबही तसाच आहे. सुरुवातीची शिल्लक, मधे केलेला भरणा आणि शेवटची शिल्लक.

उचल = सुरुवातीची शिल्लक + मधे टाकलेलं − शेवटी उरलेलं.

पंगतीतला आचारी हेच करतो. किती रांधलं, किती मागवलं, किती उरलं. जेवण किती गेलं हे विचारायला तो प्रत्येक पाहुण्याकडे जात नाही, पातेल्यात डोकावतो. आपलं पातेलं म्हणजे टाकी.

फक्त एक गोष्ट विसरायची नाही. शिल्लक मोजायची ग्रॅममध्ये, पीपीएममध्ये नाही. पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम. टाकीतलं पाणी कमी झालं की तोच आकडा फसवतो.

आता हिशेब करू

समजायला एक उदाहरण घेऊ. टाकी २०० लिटरची, लेट्यूस वाढीच्या भरात. सोमवारी द्रावण तयार केलं:

- नत्र १५० पीपीएम, म्हणजे २०० लिटरमध्ये ३० ग्रॅम
- पालाश (पोटॅशियम) २०० पीपीएम, म्हणजे ४० ग्रॅम
- कॅल्शियम १५० पीपीएम, म्हणजे ३० ग्रॅम
- ईसी साधारण १.६

आठवडाभर वरून काहीच टाकलं नाही. पुढच्या सोमवारी टाकीत १५० लिटर उरलं. नमुना तपासला:

- नत्र १४० पीपीएम × १५० लिटर = २१ ग्रॅम. उचल ९ ग्रॅम.
- पालाश १८० पीपीएम × १५० लिटर = २७ ग्रॅम. उचल १३ ग्रॅम.
- कॅल्शियम १८० पीपीएम × १५० लिटर = २७ ग्रॅम. उचल ३ ग्रॅम.
- ईसी साधारण १.७

बघा गंमत! ईसी वाढला. नवखा माणूस म्हणेल, "झाडं खातच नाहीत, द्रावण पातळ करा." प्रत्यक्षात झाडांनी नत्राचा जवळपास एक तृतीयांश साठा संपवला. कॅल्शियमचा पीपीएम तर १५० वरून १८० वर गेला, तरी झाडाने ३ ग्रॅम कॅल्शियम खाल्लंच आहे. झाडाने पाणी जास्त वेगाने प्यायलं, म्हणून आकडा चढला.

आता साधं, क्षार नसलेलं पाणी टाकून पातळी परत २०० लिटर करा आणि मग ईसी बघा. तो येईल साधारण १.२८. आता खरी घट दिसली, २० टक्के. म्हणून पहिला नियम पाठ करा: आधी पातळी भरा, ढवळा, मग मीटर बुडवा. एवढी एक सवय लावली तरी निम्मे घोटाळे थांबतात.

पण २० टक्के ही सरासरी झाली. तिच्या पोटात नत्र ३० टक्के कमी, पालाश साडेबत्तीस टक्के कमी आणि कॅल्शियम फक्त १० टक्के कमी, असं दडलेलं आहे. सरासरी बघून सगळ्या खतांचं सारखं मिश्रण टाकत गेलात, तर कॅल्शियम साचत जाणार आणि नत्र-पालाश मागे पडत जाणार.

आता हेच ५० लिटर बोअरचं टाकलं तर? समजा त्या पाण्यात कॅल्शियम ८० पीपीएम आहे. म्हणजे ४ ग्रॅम कॅल्शियम फुकटात आलं. झाडाने आठवडाभरात खाल्लं ३ ग्रॅम. पाणीच खाण्यापेक्षा जास्त वाढून गेलं! भाऊंच्या टाकीचं कोडं इथे सुटलं.

कोण पटकन संपतं, कोण साचतं?

अमेरिकेतल्या यूटा स्टेट विद्यापीठाचे ब्रूस बगबी यांनी फिरत्या द्रावणासाठी अन्नद्रव्यांचे तीन गट सांगितले आहेत. हे भिंतीवर लिहून ठेवा:

1. पटकन संपणारे: नत्र, स्फुरद, पालाश, मँगनीज. मुळं यांना ऊर्जा खर्च करून ओढून घेतात.
2. मध्यम गतीचे: मॅग्नेशियम, गंधक, लोह, जस्त, तांबं, मॉलिब्डेनम.
3. सावकाश जाणारे, साचणारे: कॅल्शियम आणि बोरॉन. हे बरेचसे पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पहिल्या गटाचा पीपीएम टाकीत कमी दिसला म्हणजे झाड उपाशी आहे असं नाही. कदाचित झाड धडधाकट आहे आणि ताट चाटून पुसून खातंय. स्फुरद कमी दिसतं म्हणून रोज ओतत बसलात, तर ते झाडात गरजेपेक्षा जास्त जातं आणि लोह-जस्ताची गडबड सुरू होते.

मग वरून भरायचं द्रावण कसं ठरवायचं? आपल्या उदाहरणात ५० लिटर पाणी गेलं आणि ९ ग्रॅम नत्र गेलं. म्हणजे प्यायलेल्या प्रत्येक लिटरमागे १८० मिलिग्रॅम नत्र. पालाश २६०, कॅल्शियम ६०. आता भरायच्या द्रावणात हेच प्रमाण ठेवा. नत्र १८०, पालाश २६०, कॅल्शियम ६० पीपीएम. जेवढं गेलं तेवढंच आणि त्याच प्रमाणात परत आलं. सुरुवातीचं द्रावण आणि भरण्याचं द्रावण वेगळं असतं, हे कळणं म्हणजे अर्धा धंदा कळणं.

"दुप्पट खत टाकलं तर दुप्पट वाढेल का?"

नाही. १९५२ मध्ये एपस्टाइन आणि हेगन या शास्त्रज्ञांनी जवाच्या मुळांवर प्रयोग करून दाखवलं की द्रावण जसं घट्ट होतं तशी उचल आधी भराभर वाढते, पण एका मर्यादेनंतर अडते. मुळाची दारं ठरावीक आहेत. गर्दी वाढवली म्हणून दारं वाढत नाहीत. उलट द्रावण फार घट्ट झालं तर झाडाला पाणीच ओढता येत नाही.

अजून एक जुनी गोष्ट. 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द १९३७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गेरिक यांनी रूढ केला आणि लगेच मोठमोठ्या उत्पन्नाच्या गोष्टी सुरू झाल्या. १९३८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या होगलँड आणि आर्नन यांनी पुस्तिका काढून सांगितलं, की चांगल्या जमिनीपेक्षा यात आपोआप चमत्कारिक उत्पन्न मिळत नाही. त्यांच्या नावाचं द्रावण आजही प्रयोगशाळेत वापरतात. नत्र २१०, पालाश २३५, कॅल्शियम २००, स्फुरद ३१ पीपीएम असं. आपल्याकडेही हे तंत्र कालचं नाही. शोल्टो डग्लस यांचं 'बंगाल पद्धती'वरचं इंग्रजी पुस्तक १९५१ सालचं आहे. म्हणून कोणी "क्रांतिकारी नवीन तंत्र, महिन्याला हमखास लाख" म्हणालं, तर आधी त्याची नोंदवही मागा.

नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरा

पुण्याच्या व्हिडिओतला आकडा नागपुरात चालत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की झाड पाणी भसाभसा पितं, पण खाणं त्या प्रमाणात वाढत नाही. आपणही उन्हाळ्यात ताकावर असतो, पुरणपोळीवर नाही. म्हणून उन्हाळ्यात द्रावण पातळ ठेवावं लागतं आणि हिवाळ्यात थोडं घट्ट चालतं.

दुसरं, प्राणवायू. २० अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३५ अंशांना ७च्या आसपास. नत्र-पालाश ओढायला मुळाला श्वास लागतो. गरम पाण्यात मुळाची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. म्हणजे टाकी तापली की खत असूनही उचल पडते. टाकी सावलीत किंवा जमिनीत गाडलेली ठेवा, पांढरा रंग द्या, वरून ओलं पोतं टाका, हवेचा पंप चालू ठेवा. नोंदवहीत पाण्याचं तापमान रोज लिहा.

तिसरं, पावसाळा. हवा दमट, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं, म्हणून टाकीत भरपूर असूनही लेट्यूसच्या कोवळ्या पानांची टोकं जळतात. इथे अजून कॅल्शियम ओतून उपयोग नाही, पंखा लावा.

पीएचसुद्धा बोलतो

पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो कुठे सरकतो हीसुद्धा बातमी असते. झाड नायट्रेट रूपातलं नत्र भराभर घेत असेल तर पीएच हळूहळू वर जातो. अमोनियम रूपातलं जास्त घेत असेल तर खाली येतो. म्हणजे वाढीच्या काळात पीएच रोज थोडा चढणं हे बहुतेक वेळा जेवण चालू असल्याचं लक्षण आहे. पण जड पाणी वापरत असाल तर बायकार्बोनेटमुळेही तो चढतो. दोन्हीत फरक कसा करायचा? पुढचा मुद्दा वाचा.

एक बादली बिनझाडाची

तुमच्याच द्रावणाची एक बादली, तसंच झाकण, तशीच हवा, त्याच शेडमध्ये ठेवा. फक्त झाड नको. आठवड्याने बघा. त्यात जेवढं पाणी उडालं ते बाष्पीभवन. जेवढा पीएच चढला तो पाण्याचा गुण. जेवढं स्फुरद-कॅल्शियम तळाशी बसलं तो साका. हे सगळं मुख्य टाकीतून त्याच प्रमाणात वजा करा. उरलं ते झाडाचं. ही बादली नसेल तर उडालेलं पाणी आणि बसलेला साका आपण झाडाच्या नावावर लिहितो. टाकीवर ऊन पडू देऊ नका, नाहीतर शेवाळ होतं आणि तेही जेवतं.

किती खर्च, कुठे तपासायचं?

*घरी रोज:* ईसी पेन, पीएच पेन, थर्मामीटर आणि टाकीवर लिटरच्या खुणा. खुणा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरल्या जाणाऱ्या! ईसी पेन १.४१३च्या प्रमाण द्रावणात आणि पीएच पेन ४ व ७च्या बफरमध्ये तपासत राहा. आणि पीपीएम दाखवणारं पेन घेतलं असेल तर लक्षात ठेवा, ते ईसीला ०.५ किंवा ०.७ने गुणून आकडा दाखवतं. तुमचं ७०० आणि मित्राचं ७०० वेगळं असू शकतं. म्हणून गप्पा ईसीतच मारा.

*दर आठवड्याला:* नायट्रेटच्या पट्ट्या. रंग जुळवून अंदाज येतो. अचूक नाही, पण दिशा कळते.

*सुरुवातीला एकदा आणि मग दर बॅचला:* प्रयोगशाळेत पाणी आणि द्रावण तपासणं. बाटली त्याच द्रावणाने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, तारीख-वेळ लिहा, थंड ठेवून लवकर पोहोचवा. नागपूरकरांचं नशीब असं, की माती-पाणी-पानं या विषयातल्या मोठ्या संस्था आपल्या गावात आहेत. १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, कापूस संशोधन संस्था आणि १९८५ मध्ये सुरू झालेली लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था. संत्र्याच्या बागायतदारांना पान तपासून खत ठरवायची पद्धत नवी नाही. आपणही पान तपासू शकतो. बाहेरच्यांसाठी कोणत्या चाचण्या होतात आणि शुल्क किती, हे आधी जाऊन विचारा.

पानावरून उलटतपासणी

टाकीचा हिशेब बरोबर आहे का, हे पीक सांगतं. एक किलो ताजं लेट्यूस वाळवलं तर साधारण ५० ग्रॅम उरतं, बाकी पाणी. त्या सुक्या भागात नत्र साधारण साडेचार टक्के धरलं तर सव्वादोन ग्रॅम. म्हणजे आपल्या उदाहरणातले ९ ग्रॅम नत्र म्हणजे आठवड्यात साधारण ४ किलो वाढ. काट्यावर २ किलोच भरली तर बाकीचं नत्र गेलं कुठे? गळती, शेवाळ की चुकीचा नमुना, ते शोधा.

यातून तुमच्या धंद्याचा एक पक्का आकडा मिळतो: एका किलो मालामागे किती ग्रॅम नत्र टाकलं. सव्वादोनच्या जवळ असाल तर उत्तम. सहा टाकत असाल तर पावणेचार ग्रॅम मोरीत जातंय.

आता खरं सांगतो. एकूण खर्चात खताचा वाटा मोठा नसतो. वीज, मजुरी, बियाणं, शेडनेट हे मोठे. मग एवढी मोजामोज कशाला? कारण बॅच बिघडली तर हा सगळा खर्च एकदम बुडतो, आणि त्यावर गिऱ्हाईक जातं. कॅफेवाल्याला पिवळ्या पानाचं कारण ऐकायचं नसतं. त्याला मंगळवारी सकाळी माल हवा असतो.

उद्यापासून काय करायचं?

1. बोअर किंवा नळाच्या पाण्याची तपासणी, टाकी घ्यायच्याही आधी. जड असेल तर आरओ किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात मिसळून वापरा.
2. टाकीवर लिटरच्या खुणा.
3. रोज एकाच वेळी: पातळी, पाण्याचं तापमान, पातळी भरून ईसी, पीएच, काय टाकलं, किती टाकलं.
4. बिनझाडाची बादली.
5. कापणीला वजन. प्रत्येक वेळी, न चुकता.
6. पहिल्या तीन बॅच लहान ठेवा. तीन बॅचची वही भरल्याशिवाय कर्ज काढून वाढवू नका.

भाऊंचं पुढे काय झालं? टाकी रिकामी केली. ते पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना आणि अंगणातल्या झाडांना थोडं थोडं दिलं. आरओचं पाणी मिसळून नवीन द्रावण केलं, वही सुरू केली. दुसरा कॅफे टिकला. गेलेला अजून परत आलेला नाही. परवा त्यांनी वहीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "सर, आता मीटर नाही, वही पाहून राहिलो."

मला तेवढंच हवं होतं.

तुमच्या टाकीचे आठवड्याचे आकडे खाली लिहा: सुरुवातीचे लिटर, शेवटचे लिटर, पातळी भरण्याआधीचा आणि नंतरचा ईसी. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशेब आपण मिळून सोडवू. भेटू या!